ठेव आणि ऊब

दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू मागताक्षणी परत करावी, याविषयी धर्मशास्त्र आणि कायदा यांचे क्वचितच दिसणारे असे एकमत आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ज्याने जशी ठेव दिली तशीच ती त्याला परत मिळावी असा दंडक आहे, आणि 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या नवव्या प्रकरणात हीच गोष्ट निराळ्या भाषेत सांगितलेली आहे. वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढल्यानंतर या विषयात आम्हाला शिकण्यासारखे काही उरले असेल असे आम्हाला वाटत नव्हते. एका कोंबडीने आमचा हा समज दूर केला. प्रसंग क्षुल्लक आहे आणि त्यातील मुख्य पात्र तर त्याहून क्षुल्लक. तरीही त्यातून निघालेला प्रश्न अजून आमच्याने निकालात काढवला नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

विकाराबादकडील एका खेड्यातला आमचा एक पक्षकार फाल्गुनात तारखेसाठी हैदराबादेस आला. त्याच्या काखेत एक टोपली होती आणि टोपलीत तांबूस-काळ्या रंगाची एक गावठी कोंबडी. शहरात राहणारी त्याची बहीण आजारी होती. तिच्या घरी टोपली घेऊन जावे, तर घराला कुलूप आणि बहीण रुग्णालयात. "वकीलसाब, दो दिन रखो, आके लेजाता," असे म्हणून त्याने टोपली आमच्या काचीगुड्यातील जुन्या घराच्या मागील पडवीत ठेविली. त्या दोन दिवसांचे पुढे चार महिने झाले. त्यात त्या गरिबाचा दोष नव्हता. बहिणीचे दुखणे लांबले आणि मध्ये त्याच्या स्वतःच्या पोटाचीही शस्त्रक्रिया झाली.

आमचे घराणे मूळचे फोंड्याकडचे. आमच्या घरी बांगड्याला कधी मज्जाव नव्हता. परंतु कोंबडी मात्र उंबरठ्याच्या आत येत नसे. ग्रामकुक्कुट मनूने वर्ज्य ठरविला आहे, माशाच्या बाबतीतील मनूची मते मात्र आमच्या पूर्वजांनी सोयीस्करपणे बाजूला ठेविली. तेव्हा मातोश्री प्रथम रागावतील असे आम्हाला वाटले होते. त्यांनी टोपलीवरचे फडके दूर केले, कोंबडीकडे पाहिले आणि तांदळाच्या कण्या आणावयास सांगितल्या. लहानपणी शेजारच्या कुळाच्या घरी त्यांनी पुष्कळ कोंबड्या पाहिल्या होत्या, हे आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळले.

कोंबडीने दिवसाआड अंडी घालावयास आरंभ केला, आणि आठ-नऊ अंडी झाल्यावर ती एके दिवशी जागची उठेना. जवळ गेले की पिसे फुलवावी, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढावा, हात लावू म्हटले तर चोच मारावी. देशावर याला कोंबडी खुडूक बसली म्हणतात, कोकणात रवणाला बसली म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या दख्खनी बोलणाऱ्या खाँसाहेबांनी भिंतीवरून डोकावून "कुडक हो गई" असा निर्णय दिला. शब्दांची ही सख्खी नाती पाहून आम्हाला मौज वाटली. परंतु पडवीत कोंबडा नव्हता. तेव्हा ती अंडी निर्जीव होती. एकवीस दिवस काय, एकवीस महिने ती त्यांवर बसली असती तरी त्यांतून काही निघणार नव्हते.

येथे आम्ही हस्तक्षेप केला. आमच्या घरी कामास येणाऱ्या बाईंचे नातेवाईक राजेंद्रनगरच्या पलीकडे कोंबड्या पाळतात. त्यांच्याकडून दहा सजीव अंडी विकत आणली आणि रात्री, दिवा मालवून, कोंबडीच्या पोटाखालची अंडी काढून ती ठेविली. कोंबडीने दोन-तीनदा चोचीने त्यांना आत ओढले, अंग सैल केले आणि ती पुन्हा स्वस्थ झाली. आपली कोणती आणि परकी कोणती, हा भेद तिला दिसला नाही, की दिसूनही तिला त्याचे महत्त्व वाटले नाही, हे कोण सांगणार? त्या रात्री आम्हाला एवढेच वाटले की आपण एक सत्कृत्य केले. आपण एका मुक्या जिवाची फसवणूक केली आहे, हा विचार दुसऱ्या दिवशी न्यायालयात एका खोट्या दस्तऐवजावर युक्तिवाद करीत असताना मनात आला.

ऐन चैत्र-वैशाख, हैदराबादचे ऊन आणि पडवीवर पत्रा. आम्ही एका घमेल्यात वाळू घालून तिच्यावर भाताचा पेंढा पसरला होता. पिसवा होऊ नयेत म्हणून तळाशी राख आणि कडुनिंबाचा पाला टाकला होता. अंड्याला सुमारे शंभर अंश फॅरनहाइटची ऊब लागते. पण त्या दिवसांत दुपारी हवाच त्याच्यापुढे जाई. अशा वेळी कोंबडी पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून धापा टाकीत असे, पण उठत नसे. पत्र्यावर ओले गोणपाट टाकण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतले. दिवसातून एकदा, तेही पाव तास, ती खाली उतरे. घाईघाईने दाणे टिपी, पाणी पिई, धुळीत एकदा लोळे आणि परत जाई. एखाद्या दिवशी ती उतरली नाही, तर मातोश्री तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून दाण्यापाशी ठेवीत, कारण अशा स्थितीत काही कोंबड्या उपाशी राहून क्षीण होतात. तिच्या पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडली होती, अंड्याला रक्ताची ऊब थेट मिळावी म्हणून. ती अंडी दिवसातून कितीदा तरी उलटी-पालटी करी, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. सातव्या रात्री कागदाची नळी करून विजेरीच्या उजेडात आम्ही एकेक अंडे पाहिले. आठांत रक्तवाहिन्यांचे लाल जाळे दिसले, दोन रिकामी निघाली.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात खुडूक कोंबडीचा दाखला घेतला आहे. अंड्यांनी भरलेले घरटे ज्याला जगातली सर्वांत मोहक वस्तू वाटत नाही असा कोणी प्राणी असेल, ही कल्पनाच तिला सहन होणार नाही, असा त्याचा आशय. जेम्सला म्हणावयाचे होते ते माणसाविषयी. आपल्याला जे स्वयंसिद्ध वाटते तेही असेच काही असेल. आजचे शरीरशास्त्र याच्याही पुढे जाऊन सांगते की प्रोलॅक्टिन नावाचा एक अंतःस्राव रक्तात वाढला की कोंबडी बसते आणि ओसरला की उठते. मग ज्याला आपण मातृत्व म्हणून हात जोडतो तो एका द्रव्याचा चढउतार ठरतो काय? आम्हाला हा प्रश्न जितका तीक्ष्ण वाटतो तितका तो खोल वाटत नाही. पत्र्याखाली धापा टाकणाऱ्या त्या जिवाला उठून सावलीत जाण्याची इच्छा नव्हती असे नाही; इच्छा होती आणि ती बसली होती. याच्या मुळाशी द्रव्य आहे म्हणून त्याचे मोल कमी होत असेल, तर मग आपल्या घराघरांतील मातांच्याही रक्तात तेच द्रव्य असते, याचे काय करावयाचे? ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली असे दाखविले की पिलांच्या अंगावर वाऱ्याचा नुसता झोत सोडला तरी पाहणाऱ्या कोंबडीच्या काळजाचे ठोके वाढतात आणि ती पिलांना हाका घालू लागते. त्याला दया म्हणावे की नाही, यावर संशोधक जपून बोलतात, आणि ते योग्यच आहे.

कुलार्णवतंत्रात दीक्षेचे तीन प्रकार सांगताना तीन मातांचे दृष्टांत आले आहेत: मासळी पिलांना दृष्टीने वाढविते, कासवी केवळ चिंतनाने, आणि पक्षिणी पंखांच्या स्पर्शाने. आपल्या कीर्तनांतून कासवीचे कौतुक पुष्कळ होते, कारण दुरून होणारी कृपा ऐकावयास गोड लागते. पंखाखालच्या ऊबेला मात्र तिथे बसून राहावे लागते. ज्याने हा दृष्टांत प्रथम योजिला त्याने कधीतरी एखाद्या परसात एकवीस दिवस काढले असावेत, असे आम्हाला वाटते.

विसाव्या दिवशी अंड्यांतून चिवचिव ऐकू येऊ लागली आणि कोंबडी खालच्या स्वरात उत्तर देऊ लागली. एकविसाव्या दिवशी सायंकाळपर्यंत सात पिले बाहेर आली. आठव्याने कवचाला भोक पाडले होते, चोचीवरचा पांढरा कण दिसत होता. परंतु तास उलटत गेले तरी भोक मोठे होईना. मातोश्रींनी आम्हाला बजावले होते की त्याला हात लावावयाचा नाही. आम्ही रात्री दहापर्यंत थांबलो. मग न राहवून कवचाचे तुकडे नखाने सोडविले. आतल्या पातळ पापुद्र्यात रक्तवाहिन्या अजून जिवंत होत्या. रक्त आले. ते पिलू आमच्या तळहातावर अर्ध्या तासात गेले. कदाचित ते असेही वाचले नसते. परंतु न्यायालयात 'कदाचित' या शब्दावर आम्ही आजवर किती आरोपी सोडविले, हे आठवून त्या रात्री आम्हाला त्या शब्दाचा आधार घ्यावासा वाटला नाही. काही न करणे आणि काही करणे यांत दोष कोणत्या बाजूला अधिक, याचा सर्वसाधारण नियम आम्हाला अजून सापडलेला नाही; एवढे मात्र खरे की त्या रात्री आम्हाला पिलाच्या वेदनेपेक्षा आमची अस्वस्थता अधिक असह्य झाली होती.

पुढचे दिवस सुखाचे होते. पहिले दोन दिवस पिलांना दाण्याची फारशी गरज नसते. अंड्यातला बलक पोटात ओढून घेऊनच ती बाहेर येतात. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेविले, म्हणजे पिलू पडले तरी बुडू नये. आठवड्याच्या आत राणीखेतीच्या रोगाची लस पशुवैद्यांकडून डोळ्यांत थेंबाथेंबाने घालून घेतली. मांजर, घार आणि कावळा हे तीन प्रतिवादी दिवसभर हजर असत, म्हणून पडवीला जाळी लावली. कोंबडी दाणा चोचीत उचलून खाली टाकी आणि कुक-कुक करी. सातही पिले धावत येत. रात्री सात जणांना पंखाखाली घेता घेता तिचा आकार दुप्पट होई आणि पिसांतून एखादे डोके मध्येच बाहेर येई. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने संततिप्रेमावरील निबंधात घरच्या कोंबड्यांचे हेच दृश्य वर्णिले आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांत त्यात काडीचा फरक पडलेला नाही.

फरक पडला आहे तो अन्यत्र. ज्या शहरात ही कोंबडी बसली होती तेच भारतातील आधुनिक कुक्कुटव्यवसायाचे एक प्रमुख केंद्र आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली वेंकटेश्वरा हॅचरीज येथेच सुरू केली, आणि 'वनराजा', 'ग्रामप्रिया' या जाती काढणारी केंद्र सरकारची कुक्कुट-संशोधन संस्था राजेंद्रनगरला आहे. अंड्यांच्या धंद्यात खुडूक बसणे हा दोष होय. बसलेली कोंबडी अंडी घालीत नाही, म्हणून निवडीनिवडीने तो स्वभाव वंशातून काढून टाकण्यात आला. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या त्या कोंबडीने पिलू कधी पाहिलेले नसते आणि यंत्रात उबलेल्या पिलाने आई पाहिलेली नसते. त्या जातीचे नरपिलू तर धंद्याच्या उपयोगाचे नाही म्हणून पहिल्याच दिवशी मारले जाते; जर्मनीने 2022 पासून ही प्रथा कायद्याने बंद केली. आपल्याकडे विधी आयोगाने 2017 च्या आपल्या 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा विचार केला आहे, तो जिज्ञासूंनी अवश्य वाचावा. स्वस्त अंड्याने गरिबाच्या मुलाच्या पोटात सत्त्व गेले, हेही तितकेच खरे आहे. आम्ही कोणाला दोष देण्यास बसलेलो नाही. परंतु आमच्या पडवीतील एका कोंबडीसाठी आम्ही जी ओली गोणपाटे टाकली, तिचा हिशेब या पार्श्वभूमीवर मांडताना मन थोडे ओशाळते.

आषाढ लागला. गोवळकोंड्याच्या बोनालूचे ढोल वाजले आणि आमचा पक्षकार आला. बहीण बरी झाली होती. पिले त्या वेळी पाच आठवड्यांची होती. त्याने टोपली मागितली, मग, आम्ही पिलांविषयी काही बोलण्यापूर्वीच, त्याने सहज सांगून टाकले, "ये अम्मवारु की है, साब." बहिणीच्या दुखण्यात त्याने देवीला ही कोंबडी बोलली होती. आम्ही चार महिने सांभाळली ती नवसाची ठेव होती.

येथपासून आमचा कायदा आम्हाला पुरेना. करार कायद्याच्या 163 व्या कलमाखाली दृष्टांत दिला आहे: गाय सांभाळावयास दिली आणि ती व्याली, तर वासरूही गाईबरोबर मालकाला द्यावे लागते. मनूच्या नवव्या अध्यायात क्षेत्र आणि बीज यांचा जो वाद आहे, तोही गाई-घोड्यांच्या बाबतीत मादीच्या मालकाच्याच बाजूने सुटतो. पण येथे बीज परक्याचे आणि अंडेही परक्याचे, विकत घेतलेले आमचे. कोंबडीने दिली ती केवळ ऊब. ऊब ही ठेवीची वाढ आहे काय? की 154 व्या कलमाप्रमाणे, ठेवीचा परवानगीशिवाय केलेला उपयोग म्हणून आम्हीच नुकसानभरपाई देणे लागतो? यावर आम्ही दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकलो असतो, आणि तो सारा युक्तिवाद निरर्थक ठरला असता, कारण त्याला पिले नकोच होती. त्याला हवी होती आई.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये आरंभीच सॉक्रेटिस विचारतो की शुद्धीत असताना मित्राने शस्त्र ठेवावयास दिले आणि वेड लागल्यावर ते परत मागितले, तर द्यावे काय? देऊ नये, असे तेथे सगळेच मानतात. आमच्या मनाने हा आधार चटकन पकडला. पण आमचा पक्षकार वेडा नव्हता. त्याने संकटात एका देवतेला शब्द दिला होता आणि तो पाळावयास निघाला होता. शब्द पाळणे याहून शहाणपणाचे लक्षण ते कोणते? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे तिसरे कलम प्राण्याच्या सांभाळाचे कर्तव्य सांगते, आणि त्याच कायद्याचे 28 वे कलम धर्माने विहित केलेल्या पद्धतीच्या हत्येला गुन्ह्यातून वगळते. कायद्याने आम्हाला दोन्ही हातांत एकेक पान दिले आणि तो बाजूला झाला. शिवाय आम्ही कोण? ज्या घरात आठवड्यातून तीनदा मासळी शिजते, तिथल्या गृहस्थाने खेडुताला अहिंसा शिकवावी, हे दृश्य आमच्याच डोळ्यांना खुपले.

तरीही आम्ही एक प्रस्ताव मांडला. बाजारातून चांगला मोठा कोंबडा घेऊन देतो, तो देवीला वाहा, ही राहू दे. तोंडातून शब्द गेल्यावर ऐकू आले. म्हणजे जिला आम्ही ओळखतो ती जगावी, आणि ज्याला आम्ही पाहिलेले नाही असा कोणीतरी तिच्याऐवजी मरावा! शिबीने कपोतासाठी ससाण्याला दुसरा पक्षी आणून दिला नाही. स्वतःची मांडी कापली. आमची दया शेजाऱ्याच्या खर्चाने चालणारी होती. पक्षकार मात्र रागावला नाही. तो म्हणाला की देवीला जे नाव घेऊन सांगितले ते बदलता येत नाही, आणि आमच्या लक्षात आले की हे सूत्र आम्ही न्यायालयात रोज सांगतो.

तेवढ्यात मातोश्री बाहेर आल्या. त्यांना दख्खनी नीट येत नाही. त्या आमच्याकडे पाहून एवढेच बोलल्या, "पुता, पिलांक आवय जाय."

आम्ही त्याचे भाषांतर करण्यापूर्वीच पक्षकार जाळीपाशी उकिडवा बसला होता. संध्याकाळ होत आली होती आणि कोंबडी पंख पसरून पिलांना आत घेत होती. त्याने बोटाने मोजले, सात. त्यांतील तिघांच्या डोक्यावर तुरे लाल होऊ लागले होते, ते नर, हे त्यानेच आम्हाला दाखविले. "बच्चे अलग होने दो साब, फिर लेजाता मैं. हमारे गाँव का बोनालु सावन में है." देवीलाही लेकरे आहेत, ती थांबेल, असे काहीसे तो तेलुगूत पुटपुटला. जो प्रश्न आम्ही प्लेटोपासून मनूपर्यंत हिंडवून आणला होता तो त्याने असा महिनाभर पुढे ढकलला. न्यायालयीन भाषेत याला तहकुबी म्हणतात, आणि ती निकाल नव्हे, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

श्रावणाच्या आरंभी एके सकाळी कोंबडीने, जिला दाणा देत होती त्याच पिलाला टोचले. दोन दिवसांत ती सातांनाही जवळ येऊ देईना. रात्री पंखाखाली शिरू पाहणाऱ्यांना तिने चोचीने हुसकावले, आणि ती उंच बाजेच्या कठड्यावर एकटी जाऊन बसली. आठवडाभराने तिने पुन्हा अंडे घातले. सौभाग्यवतींना हे पाहवेना. मातोश्री म्हणाल्या की असेच असते.

ठरल्याप्रमाणे पक्षकार आला. खर्च किती झाला, असे त्याने विचारले. 158 व्या कलमान्वये तो मागण्याचा आम्हाला अधिकार होता, आम्ही मागितला नाही. अंडी त्याला न विचारता आम्ही ठेविली होती. त्याने कोंबडीचे पाय बांधावयास सुतळी काढली तेव्हा आम्ही तिला टोपलीतून नेण्याची विनंती केली, ती त्याने मानली. मातोश्रींनी टोपलीत मूठभर कण्या टाकल्या. पिले अंगणात दाणे टिपीत होती. त्यांतल्या एकानेही मान वर करून पाहिले नाही.

भाद्रपदात तारखेला आला तेव्हा त्याने टोपली परत आणून दिली, कारण जुनी मोडल्यामुळे जाताना नेलेली टोपली आमची होती. कोंबडीविषयी आम्ही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही. तिन्ही कोंबडे आता पहाटे चारला आरवतात आणि खाँसाहेबांची तक्रार आहे.